बाबू आता मागे खेळतो

शुभा,

आपण सेमीला पोचलो.

ही बातमी द्यायची मला सवय नाही. मॅच संपली की पोरं आधी तुला फोन करायची, मग आपापल्या घरी. मी मैदानावर उभा असलो तरी मॅचमध्ये खरं काय झालं ते मला घरी आल्यावर तुझ्याकडून कळायचं. गेल्या रविवारी लीगची शेवटची मॅच संपली तेव्हा आपल्या गोलकीपरने, नीलेशने, हातमोजे काढले, पिशवीतून फोन काढला, तुझा नंबर काढला आणि तसाच उभा राहिला. मग फोन परत पिशवीत टाकला. मी ते पाहिलं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता मैदानाबाहेर आलो.

तर मीच सांगतो. एक-शून्य. गोल टीममधल्या धाकट्या ओंकारचा, कॉर्नरवरून, डोक्याने. पाली पहिल्यांदाच तालुक्याच्या लीगमधून बाद फेरीत गेली. आणि बाबू मागे खेळला.

हे शेवटचं वाक्य तुझ्यासाठी आहे. बाकीच्यांना त्यात विशेष काही वाटणार नाही.

तू लग्न होऊन पालीला आलीस तेव्हा आमच्या गावात फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटातला हवा गेलेला चेंडू होता. पोरं सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, क्रिकेट खेळायची. तू अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेली. तिथे वीजप्रकल्पावर देशभरातली माणसं कामाला होती, आणि तुमच्या शेजारी एक बंगाली ऑपरेटर राहायचे, दत्ताकाका. दत्ता हे त्यांचं आडनाव, पण आमच्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की ते आपल्या दत्ताचं नाव आहे, म्हणून माणूस भला असणार. त्या भल्या माणसाने कॉलनीतल्या पोरांना संध्याकाळी फुटबॉल शिकवला आणि पोरांत एकटी मुलगी तू. दहावीपर्यंत खेळलीस. मग तुझ्या आईने बंद केलं.

हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. कळलं ते असं, की एकदा शाळेच्या पोरांचा तो चेंडू उडून आपल्या घरापुढच्या खळ्यात आला. तू सुपारी वाळत घालत होतीस. तू साडी जरा वर खोचलीस, चेंडू पायाखाली थांबवलास आणि दगडी गडग्यापलीकडे असा मारलास की तो सरळ पोराच्या हातात गेला. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "सूनबाय, पायाला लागंल हो. चप्पल तरी घाल."

दुसऱ्या दिवशी ती पोरं परत आली. चेंडू न उडवता, गेटातून.

त्यातूनच ही टीम झाली. लोक सावंत सरांना तिचं श्रेय देतात, आणि सर शाळेतले पीटीचे, त्यांनी कष्ट घेतलेच. पण सर स्वतः सगळ्यांना सांगतात, मी शिट्टी वाजवतो, डोकं वहिनींचं. तू कधी मैदानात उतरली नाहीस. कडेला उभी राहायचीस, पदर कमरेला खोचून, आणि ओरडायची नाहीस. हाफ टाइमला पोरं पाणी प्यायला यायची तेव्हा एकेकाला एकच वाक्य सांगायचीस. मी ओरडायचो. माझं ओरडणं चुकीचं असायचं म्हणून तू मला समोरच्या बाजूला उभं राहायला पाठवलं होतंस. इतकी वर्षं आपण नवरा-बायको मैदानाच्या दोन कडांना उभे राहून मॅच बघत आलो, आणि घरी येताना व्हॅनमध्ये भांडत आलो. मी म्हणायचो, गोल झाले पाहिजेत. तू म्हणायचीस, गोल होतात हो, आधी खायचे थांबवा.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान, दिवसभर माझ्यासमोर जळलेल्या मोटरी. माणूस माझ्याकडे येतो तो काहीतरी बंद पडल्यावरच. तू एकदा म्हणालीस, "तुम्हाला बिघडल्यावर बघायची सवय आहे, म्हणून तुम्हाला डिफेन्स कळत नाही." मला त्या वेळी राग आला होता. आता ते वाक्य आठवलं की दुकानात एकटाच हसतो, आणि मग गिऱ्हाईक समोर उभं असतं तेव्हा काय करावं ते कळत नाही.

गणपतीत तुझं पोट दुखायला लागलं. गौरी-जेवणाच्या खटाटोपाने असेल असं आपण धरून चाललो. मग कोल्हापूरला तपासण्या, आणि मग तिथलंच औषध. दर वेळी आंबा घाट. जाताना तू ठीक असायचीस. येताना एका वळणावर मला व्हॅन थांबवावी लागायची. तू उलटी करायचीस, मी पाण्याची बाटली धरायचो, तू चूळ भरायचीस, पदराने तोंड पुसायचीस आणि आत बसल्यावर पहिला प्रश्न, "राईट बॅकला कोणाला घेणार सर?"

मी उत्तर द्यायचो. राईट बॅकला हा नाहीतर तो. तू म्हणायचीस, त्याला डावा पाय नाही. मी म्हणायचो, राईट बॅकला डावा पाय कशाला हवा? असं करत आपण घाटाखाली साखरप्यापर्यंत यायचो. तू घाबरली होतीस, शुभा. मीही घाबरलो होतो. तू बोलली नाहीस, मी विचारलं नाही. भीतीचा सगळा विषय आपण राईट बॅकवर भागवला. मला त्याचा पस्तावा नाही. दुसरं काय बोललो असतो आपण त्या घाटात? पण आता रात्रीचं जेवण एकट्याने वाढून घेताना वाटतं, एकदा विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस.

एकदा औषध लवकर आटपलं आणि तू म्हणालीस, घरी नको, मॅच बघायचीय. कोल्हापुरात मॅच कुठे आहे ते विचारायला लागत नाही, गर्दी जिकडे चालली तिकडे जायचं. तू डोक्याला स्कार्फ बांधलेला, अंगात माझा स्वेटर. सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलो. ढोल, झेंडे, शिव्या. मला वाटलं, तुला सोसणार नाही. तुझ्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी रंग पाहिला.

तिथे एका टीमचा स्टॉपर, बचावात मधोमध उभा राहणारा, तुझ्या डोळ्यांत भरला. पोट थोडं सुटलेलं, पळायला नाहीच म्हणायचं, पण चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच उभा. आणि सतत बोलत होता. तू शेजारच्या माणसाला विचारलंस, हे कोण? तो म्हणाला, "वहिनी, त्यो आमचा जुना फॉरवर्ड. पैला पुढं खेळायचा, लई गोल मारलेत. आता मागनं टीम चालवतोय."

घाटात त्या दिवशी तुला उलटी झाली नाही. साखरपा आल्यावर तू म्हणालीस, "बाबूला मागे घ्यायचा."

आणि आपलं शेवटचं भांडण सुरू झालं.

बाबू माझा चुलतभाऊ. पालीच्या टीमचा पहिला गोल त्याचा, आणि त्यानंतरचे बहुतेक त्याचेच. बाजारात त्याचं चिकनचं दुकान आहे, तिथेही लोक त्याला "काय रे, रविवारी किती?" असं विचारतात आणि ते कोंबड्यांबद्दल नसतं. या मोसमात तो गोलपुढे जायला अर्धं पाऊल उशीर करत होता. सगळ्यांना दिसत होतं. कोणी बोलत नव्हतं. मी म्हणालो, बाबूला पुढून काढला तर गोल कोण मारणार? तू म्हणालीस, ओंकार. मी म्हणालो, तो अजून चेंडूपेक्षा हलका आहे. आणि दुसरं म्हणजे, बाबूला वय झालं असं सांगायचं कसं?

"वय झालं असं नाही सांगायचं," तू म्हणालीस. "तुझी गरज मागे आहे असं सांगायचं."

"त्याला दोन्ही एकच ऐकू येणार."

"मग ऐकू दे. खोटं बोलून त्याला पुढे ठेवायचा आणि लोकांनी हसायचं, ते चालेल तुम्हाला?"

थंडीत आपण व्हॅन सड्यावर मैदानाच्या कडेला लावली आणि तू पुढच्या सीटवर उशी घेऊन बसलीस. तुझी शेवटची मॅच ती. बाबूने दोन सरळ चेंडू घालवले आणि आपण हरलो. मॅच संपल्यावर तू मला म्हणालीस, "बाबूला बोलवा, आणि तुम्ही जरा तिकडे जा." मी सरांपाशी जाऊन उभा राहिलो. लांबून दिसलं ते एवढंच, की बाबू खिडकीशी वाकून उभा होता, मग सरळ झाला, मग बूट हातात घेऊन अनवाणी चिऱ्याच्या खडीवरून चालत निघून गेला. मोटरसायकलसुद्धा तिथेच ठेवून.

तू म्हणालीस, येईल तो.

तो आला नाही. पुढच्या मॅचला आला नाही. घरीही आला नाही. एरवी दर बुधवारी तुझ्यासाठी कलेजी बाजूला काढून आणणारा माणूस, आता त्याची बायको येऊन डबा देऊन जायची आणि खाली बघायची. टीम एक मॅच हरली, एक बरोबरीत सुटली. सरांनी त्याला फोन केला, तो म्हणाला, पाय दुखतो. तुला उठून बसवत नव्हतं, तरी दुपारी मी दुकानातून आलो की विचारायचीस, "बाबू आला होता का?" मी म्हणायचो, कामात असेल. तू म्हणायचीस, "नाही हो. रागावलाय. त्याचा राग मोठा असतो, पण लांब नसतो."

मला त्याचा राग आला होता. तुला माणसं भेटायला येत होती, अलोऱ्याहून तुझा भाऊ आला, लेक पुण्याहून रजा घेऊन आली, टीममधली पोरं एकेक करून येऊन ओटीवर बसून जात होती, आणि हा, पलीकडच्या वाडीतला, येत नव्हता. मी एकदा त्याच्या दुकानात जायला निघालो होतो. तू म्हणालीस, "आणायचं नाही त्याला. आला तर यावा." म्हणून गेलो नाही.

तू गेलीस ती सकाळी. लेक तुझे केस विंचरत होती, जे थोडे परत आले होते ते. त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे.

बाबू तेव्हा आला. कोणी सांगितलं माहीत नाही. दुकान उघडं टाकून आला, ॲप्रन तसाच. खळ्यात उभा राहिला, आत येईना. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तुला उचललं तेव्हा पुढचा उजवा खांदा त्याचा होता, मी बदलून घ्यायला माणूस पाठवला तरी त्याने दिला नाही. सगळ्या वाटेत त्याने खांदा बदलला नाही. तरीही मी त्याच्याशी बोललो नाही. मला वाटत होतं, आता खांदा देऊन काय उपयोग? तुला त्याचं तोंड बघायचं होतं.

बारावं झालं, पाहुणे गेले, लेक परत गेली. मी दुकान उघडलं. संध्याकाळी बाबू आला आणि समोरच्या स्टुलावर बसला. मी एक मोटर उघडून बसलो होतो, तार काढत होतो. तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसला.

मग म्हणाला, "दादा, वैनी मला काय बोलली सांगू?"

मी म्हटलं, "सांग."

"बोलली, बाबू, तू गोल मारायचास तेव्हा मी कधी तुझ्याकडं बघत नव्हते. मी बघायचे गोल मारल्यावर तू मागं येताना पोरांना काय सांगतोस ते. तां कोणालाच जमत नाय, बोलली. तू मागं उभा राहून सांग." तो थांबला. "मला वाटला, म्हातारा झाला म्हणून गोड बोलून काढत्येय. मिया रागावलो. मग घरी बसून इचार केला तर कळला, ती खोटा कधी बोलली नाय कोणाशी. पण तवर इतके दिवस झाले की यायला तोंड नव्हता. उद्या जाईन, उद्या जाईन करत रवलो."

मी तार काढत राहिलो. मग त्याला चहा मागवला. तो रडला, मीही. दुकानात एक माणूस पंपाची चौकशी करायला आला होता, तो बाहेरच्या बाहेर गेला.

शुभा, मी त्याला माफ केलं असं म्हणणार नाही, कारण तू रागावलेलीच नव्हतीस. रागावलो होतो तो मी. तेवढं संपलं.

गेल्या रविवारी त्याने सरांना सांगितलं, मला स्टॉपरला टाका. तुला बघायला हवं होतं. पहिली दहा मिनिटं तो चुकला, सवयीने पुढे धावत सुटला आणि मागे भगदाड. नंतर उभा राहिला. एकदा उभा राहिल्यावर त्याने नीलेशपासून ओंकारपर्यंत सगळ्यांना नुसतं बोलण्याने हलवलं. समोरच्यांना आपल्या गोलवर सरळ मारताच आलं नाही. मी या खेपेला तुझ्या बाजूला उभा होतो. म्हणजे तू जिथे उभी राहायचीस तिथे. तिथून मैदान वेगळं दिसतं हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. समोरून मला फक्त चेंडू दिसायचा. इथून माणसांमधली अंतरं दिसतात.

तर आता टीम कशी आहे, ते तुला सांगतो. तू विचारलंच असतंस.

नीलेश चांगला आहे. उंच चेंडूला अजून डोळे मिटतो, पण पुढे बाबू असल्यामुळे उंच चेंडू कमी येतील. राईट बॅकला शेवटी सरांनी तुझाच माणूस घेतला, ज्याला दोन्ही पाय आहेत. तू जिंकलीस. मधली फळी दमते. दुसऱ्या हाफमध्ये मधले दोघंही कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि पोरं सकाळी कामावर जाणारी, त्यांना दम आणायचा कुठून? पुढे ओंकार. त्याने गोल मारला, पण एका गोलने माणूस फॉरवर्ड होत नाही. मिरजोळ्याच्या कंपनीच्या टीमशी सेमी आहे, त्यांचे बॅक ओंकारच्या दुप्पट आहेत. बाबू मागे गेल्याने आपण गोल खाणार नाही, हे मान्य. पण मारणार कोण, हे मी तेव्हा विचारलं होतं आणि आजही विचारतो. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. लोक हल्ली तुझं नाव निघालं की मान डोलावतात, मीही डोलावू लागलो तर तुला ते मुळीच आवडणार नाही.

आपण हरण्याची शक्यता जास्त आहे. तू असतीस तर मला म्हणाली असतीस, शक्यता दुकानात ठेवा.

काल संध्याकाळी टीम दुकानाशी जमली. सर, बाबू, नीलेश, ओंकार आणि बाकीचे, कोणी स्टुलावर, कोणी मोटरींच्या खोक्यांवर. आधी हे आपल्या ओटीवर व्हायचं. आता मला घरी एवढी माणसं बोलवायला धीर होत नाही. सरांनी कोण कुठे ते सांगितलं. मिरजोळ्याच्या टीमची शेवटची मॅच बघायला मी आणि सर गेलो होतो, त्यावर बोलणं झालं. त्यांच्या स्टॉपरबद्दल मी तुझं वाक्य सांगितलं, "तो पाठीमागे बघत नाही." त्यांच्या कीपरबद्दल तुझं दुसरं वाक्य. पोरांना ती पाठ आहेत, तरी ती ऐकून घेत होती.

मग नीलेशने विचारलं, "काका, त्यांचा तो नवीन लेफ्ट विंगर. केरळचा. त्याच्याबद्दल काकी काय बोलल्या असत्या?"

मी बोलायला तोंड उघडलं.

प्रत्येक माणसाबद्दल माझ्याकडे तुझं एक वाक्य आहे. लीगमधल्या प्रत्येक टीमबद्दल आहे, रेफ्रीबद्दल आहे, माझ्या मावशीबद्दल आहे. मला वाटत होतं, मी तुझी सगळी बोलणी साठवून ठेवली आहेत आणि त्यावर माझं भागेल. पण हा पोरगा महिन्याभरापूर्वी कंपनीत लागला. तू त्याला पाहिलंच नाहीस. त्याच्याबद्दल तू काय म्हणाली असतीस याचा मला अंदाजही येईना. मी शोधलं, खरंच शोधलं, आणि आत काहीच नव्हतं. तू गेलीस हे मला स्मशानात कळलं नव्हतं, बाराव्याला कळलं नव्हतं. ते मला काल, मोटरींच्या खोक्यांमध्ये, सगळी पोरं तोंडाकडे बघत असताना कळलं.

बाबू कपातल्या चहाकडे बघत बसला.

मग मी म्हटलं, "तो विंगर आहे पण विंगवरून, कडेने, जात नाही. चेंडू मिळाला की आत येतो. दर वेळी आत. त्याला आतली वाट बंद करा आणि बाहेर जाऊ दे. बाहेर त्याला काही सुचत नाही."

सर माझ्याकडे बघत राहिले. "हे वहिनींनी कधी सांगितलं?"

"नाही सर," मी म्हटलं. "हे माझं आहे. मी पाहिलं."

राईट बॅकने मान हलवली. बाबू म्हणाला, "बरोबर हाय, मिया तसाच उभा राहतो." मग पोरं उठली, कप गोळा केले आणि गेली.

बरोबर सांगितलं का गो मी?